चूक की बरोबर, सकारण स्पष्ट करा

(लातूर, औसा रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, दहावीच्या चाचणीचे पेपर वाटले त्या संध्याकाळची चर्चा.)

बी-२०३, रात्री ८:१२
नमस्कार सगळ्यांना. घरचा विषय ग्रुपवर टाकतेय, राग मानू नका. आपल्याकडं दहावीची चार लेकरं आहेत आणि शिकवणारी माणसंही आहेत, म्हणून विचारते. आज आमच्या पोरीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर मिळाला. २० पैकी १५. गुणांचं मला काही नाही. पण एका उत्तरावरून ती संध्याकाळपासून गप्प आहे, जेवायलाही उठेना. पानाचा फोटो टाकते. अक्षर बारीक आहे, म्हणून खाली लिहूनही देते.

बी-२०३, ८:१५
प्रश्न: चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा. माहितीच्या अधिकारामुळे शासनाच्या कारभारातील गोपनीयता वाढली आहे.

तिचं उत्तर: "हे विधान चूक आहे. माझ्या आजोबांनी गावातल्या सिमेंट रस्त्याचा हिशोब मागितला होता. साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. पंचवीस दिवसांनी ग्रामपंचायतीतून अंदाजपत्रकाची नक्कल मिळाली. आधी ती गावात कुणालाच बघायला मिळत नव्हती. म्हणून गोपनीयता कमी झाली."

२ पैकी अर्धा गुण. बाजूला लाल पेनानं लिहिलंय, "पुस्तकातील उत्तर लिहावे." शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं, तिला २.

ए-३०३, ८:२१
वहिनी, मनाला लावून घेऊ नका. पण स्पष्ट बोलतो, दहावीला असं लिहूच नये. आपण लातूरला राहतो. ट्यूशन एरियात आख्ख्या मराठवाड्यातून लेकरं येऊन खोल्या करून राहायलेत, ती मार्कांसाठीच ना? राज्यशास्त्र सगळं मिळून १२ मार्कांचं. पुस्तकात आहे ते उतरवायचं, १२ घ्यायचे आणि राहिलेला वेळ गणित-विज्ञानाला द्यायचा. माझ्या पोराला मी हेच सांगतो.

सी-४०१, ८:३०
मी हायस्कूलवर हाच विषय शिकवते (ही शाळा आमची नाही). आधी हिशोब सांगते, कारण बऱ्याच पालकांना तो माहीत नसतो. बोर्डाचा हा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. इतिहास २८, राज्यशास्त्र १२. त्या १२ मध्ये पर्याय निवडा २, चूक की बरोबर सकारण ४, संकल्पना २, सूचनेनुसार कृती २ आणि थोडक्यात उत्तर २. भूगोलाचा ४० चा पेपर वेगळा आणि शाळेकडचे अंतर्गत २०. म्हणजे १२ पैकी ४ गुण, एक तृतीयांश, या एकाच "सकारण"वर आहेत. भाऊ, त्याला किरकोळ म्हणता येणार नाही.

सी-४०१, ८:३४
आता तपासणाऱ्याची बाजू. माझ्याकडं दोन तुकड्या आहेत, एकेकीत साठच्या वर लेकरं. दिवसा तास, मधेच मतदार यादीचं काम, पेपर रात्री घरी. हाताशी नमुना उत्तरं ठेवलेली. शंभराव्या पेपरला डोळे वाक्य वाचत नाहीत, शब्द शोधतात. "पारदर्शकता" सापडला, एक टिक. "विश्वास वाढला" सापडलं, दुसरी टिक. या पोरीच्या उत्तरात तो शब्द नाही, तेवढ्यानं गुण गेला असणार. माझ्या हातूनही असं झालेलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. मी तिला दीड दिला असता. अर्धा यासाठी कापला असता की कायद्याचं नाव-साल काहीच नाही आणि शेवटचं वाक्य एकदम तुटक आहे.

बी-२०३, ८:३६
मॅडम, तुम्ही इतकं नीट सांगितलं, बरं वाटलं. सर, तुम्ही बघितलं का?

ए-१०२ (सर), ८:५२
बघितलं. दोनदा वाचलं आणि आमच्या घरातही वाचून दाखवलं.

मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यातली बहुतेक खेड्यात. इतक्या वर्षांत अर्जावर किती रुपयांचं तिकीट लावायचं हे उत्तरपत्रिकेत लिहिणारं लेकरू माझ्या वाट्याला आलं नाही. हिला ते माहीत आहे, कारण तिनं आजोबांना तिकीट चिकटवताना पाहिलंय. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, नक्कल पंचविसाव्या दिवशी आली. म्हणजे कायदा जसा चालायला पाहिजे तसा तो त्या गावात चालला आणि तिनं ते नोंदवलं. प्रश्नात शब्द आहे "सकारण". कारण मागितलं, तिनं कारण दिलं. गाईडमधलं वाक्य हे दुसऱ्या कुणाचं तरी कारण आहे.

तपासणाऱ्या शिक्षकावर मी रागवणार नाही. मॅडम म्हणतात ते ओझं मी वाहिलंय. माझी तक्रार वेगळी आहे. कशाला गुण मिळणार हे लेकराला पेपराच्या आधी कळायला पाहिजे. "पुस्तकातील उत्तर लिहावे" हे लाल पेनानं नंतर सांगून काय उपयोग? वर्गात आधी सांगितलं असतं, की चूक-बरोबर ओळखण्याला एवढे, कारणाला एवढे, स्वतःचं उदाहरण चालेल किंवा चालणार नाही, तर हिनं तसं लिहिलं असतं. न सांगितलेल्या नियमानं गुण कापणं, तेही नागरिकशास्त्रात, मला पटत नाही. कारण हाच विषय लेकरांना शिकवतो की नियम आधी जाहीर पाहिजेत आणि सगळ्यांना सारखे पाहिजेत.

ए-३०३, ८:५८
सर, तुमचा मान राखून विचारतो. स्वतःचं मत लिहायला लावलं तर तपासणार कसं? एका सरांना एक पक्ष बरा वाटतो, दुसऱ्याला दुसरा. पुस्तकातलं उत्तर असलं की निदान सगळ्यांना एक माप लागतं.

ए-१०२ (सर), ९:१५
रास्त विचारलंत. मी काय करायचो ते सांगतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी नववी-दहावीच्या लेकरांना मागं बसवायचो. नंतर दोन पानं लिहून आणायची, १० गुण. आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचो: ४ गुण तिथं दिसलेल्या गोष्टींना. सभा किती वाजता सुरू झाली, माणसं किती, बाया किती, कोणता ठराव आला, विरोधात कोण बोललं. ३ गुण धड्याशी जोडण्याला. आणि ३ गुण मताच्या कारणाला. त्याखाली मोठ्या अक्षरात, "मताला गुण नाहीत, कारणाला आहेत." हे वाक्य पुसायचं नाही असं वर्गाला सांगून ठेवलं होतं, ते वर्षभर राहायचं.

एकदा मतदानाच्या वयाचा धडा झाला. १९८८ साली एकसष्टावी घटनादुरुस्ती झाली आणि वय २१ वरून १८ वर आलं. मी उत्साहानं सांगितलं, तरुणांना केवढा अधिकार मिळाला. एका पोरानं लिहून आणलं, "मला हे पटत नाही. माझा भाऊ १९ वर्षांचा आहे. यादीत नाव आहे. पण मतदानाच्या दिवशी तो ऊसतोडीला कारखान्यावर होता. नुसतं वय कमी करून काय झालं, आधी त्याला गावी यायची सोय करा." मी शिकवलं त्याच्या बरोबर उलटं. मी त्याला ३ पैकी ३ दिले आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात वाचलं. अर्ध्या वर्गाचे आईबाप तोडीला जायचे. त्या दिवशी तासाची घंटा झाली तरी लेकरं उठली नाहीत. भाऊ, माप एकच होतं. ते मताला लावलं नव्हतं, एवढंच.

बी-१०१, ९:१९
सर आमच्या मोठ्याला तुम्ही शिकवलंय. तो अजून ग्रामसभेच्या त्या दोन पानांचं सांगतो.

सी-४०१, ९:२३
सर, खरं सांगते, माझ्या वर्गात मी हे आधी फळ्यावर लिहून देत नाही. लेकरांना ठाऊक असेल असं धरून चालते. उद्यापासून लिहीन.

बी-२०३, ९:२७
सर मी बोलतेय, आईच्या फोनवरून. मला गुण वाढवून नको आहेत. मला फक्त विचारायचंय की बोर्डात आजोबांचं लिहायचं की नाही?

ए-१०२ (सर), ९:३१
लिहायचं बाळा. पण जागा बदलायची. तुझा पेपर जो तपासणार तो तुझ्या आजोबांना ओळखत नाही. त्याला आधी कायदा दाखव, मग आजोबा. पहिलं वाक्य चूक की बरोबर. दुसऱ्यात कायदा आणि साल. तिसऱ्यात त्यानं काय बदललं, इथं "पारदर्शकता" येऊ दे, तो शब्द वाईट नाही, अर्थ कळून लिहिलेला असला म्हणजे झालं. मग आजोबा, एका वाक्यात. शेवटी विधानाकडं परत ये. आत्ता लिही आणि इथं टाक.

बी-२०३, ९:४४
"हे विधान चूक आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे कोणताही नागरिक शासनाकडे माहिती मागू शकतो आणि ती ३० दिवसांत द्यावी लागते. त्यामुळे कारभारात पारदर्शकता आली. उदा. माझ्या आजोबांनी १० रुपयांचे तिकीट लावून अर्ज केला तेव्हा गावातील रस्त्याचे अंदाजपत्रक त्यांना मिळाले, जे आधी कोणी दाखवत नव्हते. म्हणून गोपनीयता वाढली नसून कमी झाली आहे."

सी-४०१, ९:४६
२ पैकी २. डोळे झाकून.

ए-३०३, ९:५५
आत्ता माझ्या पोराला विचारलं, माहिती अधिकाराचं उत्तर म्हण. धडाधडा म्हणून दाखवलं. मग विचारलं, तुला उद्या माहिती पाहिजे असली तर अर्ज कुणाकडं देशील? गप्प बसला. मलाही नीट सांगता आलं नाही. बोर्डाच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे, लेकराचं वर्ष आहे, धोका नको. पण सर, रविवारी त्याला तासभर तुमच्याकडं पाठवू का?

ए-१०२ (सर), ९:५८
सकाळी आठला पाठवा, चारही लेकरांना. आणि अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याकडं द्यायचा. ग्रामपंचायतीत ते काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं असतं, ज्यांना आपण आधी ग्रामसेवक म्हणायचो. मुदतीत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. रविवारी लिहूनच घेऊ.

सचिव, १०:०२
सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. नोटीस पुढच्या आठवड्यात लावतो. लेकरांना बसायचं असेल तर मागं खुर्च्या टाकतो. गणपूर्ती, ठराव, इतिवृत्त सगळं बघायला मिळेल. पार्किंगचा विषय आहे, विरोधात बोलणारे भरपूर असतील.

ए-१०२ (सर), १०:०४
उत्तम. त्याआधी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनालाही आणा सगळ्यांना. देश स्वतंत्र झाल्यावर मराठवाड्याला आणखी १३ महिने वाट बघावी लागली, १९४८ पर्यंत. निजामाच्या राज्यात सभा घ्यायलाही परवानगी लागायची. त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आधी शाळामास्तर होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला. आपल्या भागात या विषयाला १२ गुणांचा म्हणून बाजूला टाकू नये असं मला फार वाटतं.

बी-२०३, १०:०८
सर, शनिवारी शाळेत जाऊन बोलू का? की राहू द्यावं?

ए-१०२ (सर), १०:११
जा. गुण वाढवून मागू नका, त्यानं ते शिक्षक अवघडतील आणि पोरीलाही वर्गात त्रास. दोन्ही उत्तरं सोबत न्या, पेपरातलं आणि आत्ता लिहिलेलं. एवढंच विचारा, "सर, सकारणला कारणाचे गुण किती आणि स्वतःचं उदाहरण चालतं का? सहामाहीच्या आधी वर्गाला सांगाल का?" चांगल्या शब्दांत विचारलं तर कोणताही शिक्षक नाही म्हणणार नाही.

बी-२०३, १०:२६
आभारी आहे सगळ्यांची. जेवली. आता आजोबांना फोन लावून बसलीय, अर्जावर तारीख कोणती होती ते विचारायलीय.