डॉजबॉल लीग: एकच नियम ठेवायचे की दर रविवारी प्रकार बदलायचा?

मध्यरेषा
दिवाळीनंतर वसाहतीची रविवारची डॉजबॉल लीग पुन्हा सुरू करायची आहे. आठ संघ, म्हणजे साखळीचे सात रविवार. प्रत्येक संघात आठ जण, त्यातले सहा मैदानात. मैदान व्हॉलीबॉलचं, १८ बाय ९ मीटर. फोमचे सहा चेंडू, ३ मिनिटांचा डाव, सामन्यात १० डाव. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक संघ, एकमेकांवर चेंडू टाकायचे. चेंडू लागला की बाद. समोरच्याचा चेंडू झेलला तर टाकणारा बाद आणि आपला एक गडी पुन्हा आत.

काही संघांची मागणी आहे की दर रविवारी प्रकार बदलावा: एकदा डॉक्टर (एक गडी हात लावून बाद गड्यांना उठवतो), एकदा किल्ला (आपल्या बाटल्या राखायच्या, समोरच्याच्या पाडायच्या), एकदा जपानमध्ये खेळतात तसा हवेच्या एकाच चेंडूचा खेळ. माझा विरोध आहे. या खेळाचं खरं कौशल्य झेलात आहे आणि झेल सवयीने येतो. फोमचा चेंडू नुसत्या तळव्यांनी धरायला गेलं की उसळून निसटतो. तो पोटाशी घ्यायचा, कोपरं आत, अंग किंचित मागे, म्हणजे जिरतो. हे हाताला बसायला तीन-चार रविवार लागतात. मध्येच हवेचा चेंडू आणला, पुढच्या आठवड्यात बाटल्या राखायला लावल्या, तर काहीच बसत नाही. दुसरं, गुणतक्ता. एखाद्या संघाची गाठ सगळ्यात तगड्या संघाशी नेमकी त्याला न जमणाऱ्या प्रकारात पडली, तर तो तक्ता न्याय्य कसा म्हणायचा?

फक्कीवाला
विरोध समजला, पण आधी गणित मांडा. कच्चा गडी बहुतेक डावांत पहिल्या अर्ध्या मिनिटात जातो, कारण समोरचे दोघं-तिघं ठरवून त्यालाच धरतात. १० डाव म्हणजे ३० मिनिटं. त्यातली ५ मिनिटं तो आत आणि २५ मिनिटं कडेला उभा. झेल शिकायची सर्वात जास्त गरज ज्याला, त्यालाच सर्वात कमी चेंडू मिळतात. मग चौथ्या रविवारी तो येतच नाही आणि संघ सात जणांवर येतो.

जपानी पद्धत यावरच उत्तर आहे. त्यांच्या अधिकृत खेळात १२ जणांचा संघ, १० मीटरचे दोन चौरस, एक चेंडू आणि ५ मिनिटं. काही गडी सुरुवातीपासूनच समोरच्या संघाच्या चौरसाबाहेर उभे असतात. आतला बाद झाला की तोही तिकडे जातो आणि बाहेरून कुणाला टिपलं की परत आत येतो. म्हणजे बाद झालेला माणूस प्रेक्षक होत नाही. आपल्या व्हॉलीबॉलच्या मैदानाचा अर्धा भाग ९ बाय ९ आहे, जवळपास तेवढाच. पाच आत, तीन बाहेर ठेवले तर आठही जण खेळतात आणि राखीव ही भानगडच उरत नाही.

झेलकरी
फक्कीवाला, दुखणं बरोबर ओळखलंत, पण औषध चुकतंय. कडेला उभं राहावं लागतं कारण झेल होत नाहीत, आणि झेल होत नाहीत कारण चेंडू चुकीचे आहेत. वरून कातडीसारखा लेप असलेला फोमचा चेंडू आणि उघड्या स्पंजचा चेंडू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उघडा स्पंज दवाने आणि घामाने पाणी पितो, दुसऱ्या सामन्यापर्यंत जड होतो आणि हातातून सटकतो. लेपाचा चेंडू कोरडा राहतो, पण नखाने एकदा चीर पडली की ती वाढतच जाते. खेळण्याआधी सगळ्यांची नखं कापलेली हवीत, अंगठ्या काढलेल्या हव्यात. सहातला एक चेंडू जरी फाटका असला तरी तो हवेत वळतो आणि झेल सुटतात.

दुसरी चूक रांगेची. कबड्डी खेळलेल्याला हे सांगावं लागत नाही: जो आधी बाद झाला तो आधी उठतो. डॉजबॉलमध्येही तोच क्रम. पण एका झपाट्यात दोघं बाद झाले की रांग विस्कटते आणि जो धावत आत येतो तो खेळतो. बाद झालेल्याने हात वर करून बाजूच्या रेषेबाहेरून जायचं आणि पंचाकडच्या टोकापासून रांग धरायची. दोघं एकदम बाद झाले तर ज्याचा क्रमांक लहान तो पुढे. एवढं पाळलं तरी कच्चा गडी आजच्यापेक्षा लवकर परत येतो, कारण बहुतेक वेळा पहिला बाद झालेला तोच असतो.

शाळेचं मैदान
मी क्रीडाशिक्षक आहे, त्यामुळे बाजू थोडी वेगळी. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची संघटना, शेप अमेरिका, हिने २०१७ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की शाळेच्या तासाला डॉजबॉल नको. माणसालाच लक्ष्य करणं आणि दुबळ्याला आधी बाहेर काढणं हे त्यांचे मुख्य आक्षेप. तुमची लीग स्वेच्छेची आहे, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होत नाही. पण संघांत बारा-तेरा वर्षांची मुलं असतील तर दुसरा आक्षेप तुमच्याही दारात उभा आहे.

एका चेंडूच्या खेळाला माझा पाठिंबा आहे, हवेच्या चेंडूला नाही. व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅमचा असतो. पाच मीटरवरून तो तोंडावर बसला तर चष्मा आणि दात दोन्ही जातात. तोच खेळ फोमच्या चेंडूने खेळा. आणि खांद्याच्या वर लागलेला चेंडू कधीही बाद धरू नका. "तो खाली वाकला म्हणून डोक्याला लागला" ही सवलत ठेवलीत की प्रत्येक डावात वाद होतो. सरळ नियम ठेवा: वर लागला तर बाद नाही, मुद्दाम मारलेला दिसला तर टाकणारा बाहेर.

तिसरा पंच
कोणता प्रकार चांगला, याच्याआधी कोणता प्रकार पंचाला चालवता येतो ते बघा.

डॉक्टर चालवता येत नाही. प्रत्येक संघ एका गड्याला गुपचूप डॉक्टर ठरवतो, त्याचा हात लागला की खाली बसलेला गडी उठतो, डॉक्टर गेला की उठणं बंद. प्रत्यक्षात दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांना कळतं, कारण बसलेले सगळे एकाच माणसाकडे बघत असतात. आणि हात लागला की नाही हे पंचाला दिसत नाही, त्याचे डोळे सहा चेंडूंवर असतात. लहान मुलांच्या शिबिरात ठीक आहे. गुणतक्त्यात नको.

किल्ला मात्र उत्तम चालतो, मांडणी नीट केली तर. मागच्या रेषेच्या आत एक मीटरवर तीन बाटल्या. एक लिटरची रिकामी बाटली वाऱ्याने पडते आणि पाण्याने भरलेली फोमच्या चेंडूने हलतही नाही. तळाशी चार बोटं कोरडी वाळू भरा, झाकण घट्ट लावा. चेंडूचा नीट फटका बसला तर पडते, नुसता घासून गेला तर डुलते आणि उभी राहते. बाटल्यांभोवती एक मीटरचं वर्तुळ फक्कीने आखा, त्यात राखणाऱ्याचा पाय पडला तर तो बाद. हे वर्तुळ नसलं की दोघं जण बाटल्यांपुढे भिंतीसारखे उभे राहतात आणि खेळ मरतो. बाटली पडली की पाडणाऱ्या संघाचा पहिला बाद गडी आत. स्वतःच्या पायाने पडली तरी तेच. ज्याला झेल जमत नाही पण नेम आहे, त्यालाही संघाच्या उपयोगी पडता येतं.

आणि हो, आखणीला फक्कीच वापरा, चुना नको. मागून धावत येऊन मधल्या रेषेवर वाकताना तोंड जमिनीजवळ जातं, चुना डोळ्यांत गेला तर भाजतो.

मध्यरेषा
तिसरा पंच, किल्ल्याची मांडणी पटली, वर्तुळाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी प्रश्न तोच. बाटल्या आल्या की झेलणाऱ्याला मागे राहून राखण करावी लागते. मग पुढे येऊन, छातीशी एक चेंडू ढालीसारखा धरून, समोरच्याला टाकायला भाग पाडायचं आणि आलेला चेंडू झेलायचा, ही चालच संपते. मला वाचवायची आहे ती हीच. सहा विरुद्ध दोन अशा स्थितीतून एका झेलाने डाव फिरतो, ते दुसऱ्या कुठल्या प्रकारात दिसत नाही.

फक्कीवाला, जपानी पद्धतीत तुम्ही पासची मर्यादा सांगितली नाहीत. आतले-बाहेरचे मिळून सलग चारच पास, पाचवा झाला की चेंडू समोरच्याला. ती नसली तर चांगला संघ चेंडू नुसता फिरवत बसतो.

फक्कीवाला
पासची मर्यादा राहून गेली, मान्य. ती हवीच.

पण ढाल धरण्याची चाल काहींसाठीच आहे, ताई. टाकणारा समोर चार मीटरवर उभा असताना हातातला चेंडू न सोडता दुसरा अडवायचा, आणि सुटला तर स्वतः बाद. ज्याची बोटं लहान त्याच्या हातून तो सुटतोच. सात इंची चेंडू एका हातात मावत नाही, दोन्ही हात गुंतले की झेलणार कशाने? तुम्ही वाचवायला निघालात ती चाल आठातल्या तिघांची आहे. बाकी पाच जणांनी काय करायचं?

झेलकरी
त्या पाच जणांना दोन गोष्टी शिकवता येतात, प्रकार न बदलता. पहिली: एकट्याने टाकायचं नाही. तिघांनी मिळून, कप्तानाने "तीन, दोन, एक" मोजल्यावर, एकाच माणसावर टाकायचं. एक चेंडू झेलता येतो, एकदम आलेले तीन नाही. झेल जाण्याची भीती गेली की कच्चा गडीही टाकतो. दुसरी: टाकायचा तो गुडघ्याच्या खाली. कमरेच्या वर टाकलेला चेंडू म्हणजे समोरच्याला दिलेला झेल.

सुरुवातीची धाव तेवढी बदला. सहा चेंडू मधल्या रेषेवर, प्रत्येक संघाने आपल्या उजवीकडचे तीनच उचलायचे. नाहीतर दोन गडी एकाच चेंडूवर डोकं आपटतात. उचललेला चेंडू व्हॉलीबॉलच्या मैदानावरच्या आपल्या ३ मीटरच्या रेषेमागे नेल्याशिवाय टाकायचा नाही.

शाळेचं मैदान
सोळा वर्षांखालच्यांसाठी धावच नको. सुरुवातीलाच तीन-तीन चेंडू वाटून द्या.

मैदानाबद्दल एक सांगतो, कुणी सरावाला कबड्डीचं मैदान वापरणार असेल तर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे अर्धा भाग साडेसहा मीटर. चेंडू टाकणारा मधल्या रेषेपर्यंत आला तर मागच्याला पळायला जागाच नाही. तिथे 'निदान रेषा', म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडायची रेषा, मधल्या रेषेपासून ३.७५ मीटरवर असते. चेंडू तिच्या मागूनच टाकायचा असं ठरवा, म्हणजे दोन टाकणाऱ्यांत साडेसात मीटर राहतात.

तिसरा पंच
माझी सूचना: सातही रविवारी गुणतक्त्याचे १० डाव सहा चेंडूंचेच, मध्यरेषा म्हणतात तसे. प्रत्येक सामन्याआधी ५ मिनिटांचा एका चेंडूचा डाव, फोमच्याच चेंडूने, आठही जण मैदानात, गुण नाहीत. कच्च्या गड्याच्या हाताला चेंडू लागतो आणि झेलाची सवय मोडत नाही. आठ संघांचे चार सामने, म्हणजे दिवसाला २० मिनिटं वाढतात.

फक्कीवाला
गुण नसतील तर पक्के गडी त्या पाच मिनिटांत पाणी पीत बसतील. त्या डावाला १ गुण ठेवा, सहा चेंडूंच्या डावाएवढाच. मग मी राजी आहे.

मध्यरेषा
१ गुण ठेवला तर १० डावांचा सामना ५-५ असा सुटला की निकाल त्या एका डावावर लागणार. हे मला अजून मान्य नाही. बरोबरी झाली तरच तो गुण मोजू नये, अशी तोड निघत असेल तर पुढे बोलू. तोपर्यंत लेपाचे आठ चेंडू मागवते, सहा खेळायला आणि दोन फाटण्याच्या हिशेबाने.