अनुभव धागा : घराची भिंत आणि पुढ्यातले ताट

उंबरठा
गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला गेले असता तिच्या दिवाणखान्यातील पिवळ्या-हिरव्या नक्षीच्या फरश्या पाहून मला तमिळनाडूतील कानाडुकाथान आठवले. तिथल्या एका चेट्टिनाड वाड्यात आम्ही राहिलो होतो आणि त्याची जमीन अशाच आत्तंगुडी फरश्यांची होती. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. काचेच्या तुकड्यावर लोखंडी चौकट आणि नक्षीचा साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, साचा अलगद उचलतात, मागून वाळू-सिमेंटचा थर देतात आणि मग फरशी पाण्यात मुरवून उन्हात वाळवतात. काच सुटून आली की तिचा गुळगुळीतपणा फरशीवर उतरलेला असतो. वेगळी झिलई करावी लागत नाही.

हे वाडे बांधणाऱ्या नाट्टुकोट्टै चेट्टियार मंडळींची सावकारी आणि व्यापार ब्रह्मदेश, सिलोन, मलायापर्यंत पसरलेला होता, हे वाड्याचे खांबच सांगतात, कारण ते ब्रह्मी सागवानाचे आहेत. मला खरी गंमत वाटली ती रात्रीच्या जेवणात. केळीच्या पानावर काळ्या तांदळाचा, खोबरे आणि साखर घातलेला ‘कवुनी अरिसी’ हा गोड पदार्थ आला आणि हा तांदूळही ब्रह्मदेशातूनच आला असे मानतात, असे वाढणाऱ्या बाईंनी सांगितले. डोक्यावरचे लाकूड आणि पानातला भात एकाच व्यापाराची मिळकत! दिवसभर ज्या आतल्या चौकात वाळवणे पडलेली पाहिली होती, तीच तळून पानात आली.

आपण राहिलेल्या अशा जागांविषयी लिहावे, जिथे घर आणि ताट यांचे नाते उमगले. तारांकित हॉटेलांच्या न्याहारीची वर्णने कृपया टाळावीत.

हिमरेषा
जपानमधील शिराकावा-गो. उतरते, प्रचंड गवती छप्पर असलेल्या तिथल्या घरांना 1995 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे छायाचित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतील. पण रात्री मुक्काम केल्याशिवाय ते घर कसे चालते हे समजत नाही. छपराचा सांगाडा खिळ्यांऐवजी दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेला असतो. खाली इरोरी, म्हणजे जमिनीतच केलेली चौकोनी चूल, आणि वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत असत. चुलीची ऊब त्या किड्यांना मिळे आणि धूर पुढे छपरात शिरून गवत, दोर व लाकूड यांना किडीपासून राखत असे. एकाच विस्तवाकडून इतकी कामे करून घेणारे घर मी अन्यत्र पाहिलेले नाही.

जेवणात त्या भागातील होबा मिसो होते. मॅग्नोलियाच्या वाळलेल्या रुंद पानावर मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा), कांदापात आणि अळंबी ठेवून ते पान छोट्या शेगडीवर आपल्यासमोरच तापवतात. पानाचा करपट सुगंध मिसोला लागतो आणि ते भाताबरोबर खायचे. खोल्यांमधील सरकती दारे कागदाची असल्याने शेजारच्या पाहुण्यांचे घोरणे मात्र आपल्या मुक्कामाचा अविभाज्य भाग होते, याची तयारी ठेवावी.

माजघर
हिमरेषा, धुराविषयी आपण लिहिले ते अगदी खरे आहे. आमच्या आजोळच्या घरात चूल होती तोवर वाशांना कीड लागली नाही. गॅस आला, स्वयंपाकघर स्वच्छ झाले, आणि काही वर्षांतच वासे बदलावे लागले. आजी शेवटपर्यंत गॅसलाच दोष देत असे.

देशोदेशी
मोरोक्कोतील माराकेश येथे जुन्या शहरातील एका रियादमध्ये, म्हणजे चौक असलेल्या पारंपरिक घरात, आम्ही राहिलो. बाहेरून पाहिल्यास गल्लीतील एक कोरी भिंत आणि एक बुटके दार, इतकेच दिसते. आत शिरल्यावर मधोमध उघडा चौक, कारंजे, लिंबूवर्गीय झाडे आणि चौकाकडे तोंड केलेल्या खोल्या. न्हाणीघराच्या भिंती पाहून मी प्रथम त्या संगमरवरी समजलो होतो, परंतु तो ‘तादेलाक्त’ नावाचा चुन्याचा गिलावा निघाला. गिलावा ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटतात आणि नंतर त्यावर काळा साबण चोळतात. साबण आणि चुना यांच्या संयोगातून पाणी न शोषणारा थर तयार होतो, म्हणून ही पद्धत हम्मामांमध्ये, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांमध्ये वापरली जात असे.

आता ताटाविषयी. तिथला ‘तंजिया’ हा पदार्थ घरात शिजवत नाहीत. मातीच्या उंच मडक्यात मांस, जिरे, लसूण आणि मुरवलेले लिंबू भरून, तोंड कागदाने बांधून ते मडके हम्मामच्या भट्टीवर नेऊन देतात. भट्टीवाला ते राखेत पुरतो आणि काही तासांनी परत देतो. अर्थात खोलीची भिंत आणि रात्रीचे जेवण, दोन्ही आम्हाला हम्मामनेच दिले.

पाथेय
आम्हा शाकाहारी मंडळींनी त्या शहरात भट्टीकडे नुसते पाहत बसायचे काय?

देशोदेशी
मुळीच नाही. सकाळी ‘बिसारा’ मागावा. सुक्या बाकल्याच्या, म्हणजे फावा नावाच्या घेवड्याच्या दाण्यांचे ते दाट सार असते. वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड घालतात. पत्नी शाकाहारी असल्याने तिचा मुक्काम बहुतांशी त्यावरच सुखाने पार पडला.

तळटीप
या धाग्यात थोडा विरोधी सूर लावू इच्छितो. दक्षिण इटलीतील मातेरा येथे मी खडकात कोरलेल्या एका खोलीत राहिलो. मेणबत्त्या, पांढऱ्या चादरी, सगळे अतिशय देखणे होते. त्याच गुहांमध्ये शेतमजुरांची कुटुंबे जनावरांसह राहत असत आणि तिथली दुरवस्था इतकी गाजली की 1952 मध्ये कायदा करून त्यांना नव्या वस्तीत हलवण्यात आले. 1993 मध्ये जागतिक वारसा, 2019 मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी, आणि आता त्याच गुहांसाठी पर्यटक हौसेने भरपूर पैसे मोजतात. मीही मोजले, आणि खोली आवडलीही. परंतु गैरसोयीचे सौंदर्य होण्यासाठी आधी तिथली माणसे निघून जावी लागली, हा विचार काही डोक्यातून गेला नाही.

तिथल्या पावाविषयी मात्र नि:शंकपणे लिहितो. घरोघरी कणीक मळून गोळे सामायिक भट्टीत पाठवत, म्हणून आपला पाव ओळखू यावा यासाठी प्रत्येक कुटुंबाचा लाकडी ठसा असे, त्यावर आद्याक्षरे कोरलेली असत. डुरम गव्हाचा तो जाड कवचाचा पाव अनेक दिवस टिकतो, आणि तो टिकावाच लागे, कारण भट्टीची पाळी रोज येत नसे.

उंबरठा
तळटीप, हा सूर आवश्यकच होता. पणजीच्या फोंतेन्हासमध्येही हेच दिसते. कॅलेंडरमधल्यासारखी ती रंगीत घरे आहेत, पण खिडकीच्या आत कोणीतरी जेवत असते आणि बाहेर पर्यटक छायाचित्रासाठी त्याच्या पायऱ्यांवर बसलेले असतात. म्हणूनच मला घरमालक स्वतः राहत असलेले घर अधिक भावते. तिथे आपण पाहुणे आहोत याची जाणीव आपोआप राहते.

गवतकाडी
घरमालक राहत असलेले घर हवे असेल, तर कच्छच्या बन्नीतील ‘भुंगा’ नावाच्या पारंपरिक घरांत राहावे. गोल मातीची भिंत, शंकूच्या आकाराचे गवती छप्पर, आणि आतून आरसे जडवलेले लिंपणकाम. एक दिवा लावला तरी सारी खोली उजळते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात चौकोनी पक्की बांधकामे कोसळली असताना अनेक भुंगे उभे राहिले, कारण गोल भिंतीला कमकुवत कोपरे नसतात आणि छप्पर हलके असते.

बन्नी हा मालधारी पशुपालकांचा गवताळ प्रदेश आहे. तिथल्या म्हशी रात्री चरायला जातात आणि पहाटे आपणहून परततात. त्यामुळे न्याहारीला बाजरीचा रोटला, त्यावर ताजे लोणी, गूळ आणि ताक. भिंतीच्या लिंपणाला शेण देणारी जनावरेच ताटात लोणीही देतात, इतके सरळ नाते या धाग्यात अद्याप कोणी सांगितलेले नाही, असा माझा नम्र दावा आहे.

खारदुंगकर
गवतकाडी यांचा दावा मोडून काढण्यासाठी एक अनुभव लिहावा की न लिहावा, याचा बराच विचार केला. लडाखमधील खेड्यांत घराला लागून दुमजली कोरडे शौचालय असते. वरच्या खोलीत जमिनीला भोक आणि कडेला मातीचा ढीग. वापरानंतर फावडेभर माती ढकलायची. खाली जे साठते त्याचे खत होते आणि ते वसंतात शेतात जाते, शेतात सातू पिकतो, आणि त्या भाजलेल्या सातूचे पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवून पाहुण्याला देतात. नाते याहून सरळ असू शकत नाही.

घरातील सर्वात देखणी खोली म्हणजे स्वयंपाकघर. मोठी चूल, फळ्यांवर ओळीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, भिंतीला लागून गालिचे. छपरावर रचलेला चारा आणि सरपण थंडीही अडवते.

पाथेय
दावा मोडला, हे मान्य करावे लागेल. चहा मात्र मी जपूनच घेईन. गवतकाडी, भुंग्यात राहण्यासाठी कोणते महिने योग्य आणि पांढरे रण तिथून पाहता येते का?

गवतकाडी
नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर रणातील पाणी आटून मिठाचा थर उघडा पडायला वेळ लागतो, त्यामुळे फार लवकर गेल्यास चिखलच पाहावा लागतो. मार्चनंतर दुपारचे ऊन सोसवत नाही. रात्री गारठा असतो, तेव्हा शाल न्यावी. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो आणि तो वाटेत भिरंडियारा येथे मिळतो. रांग मोठी असल्यास एकाने रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्याने तिथला प्रसिद्ध मावा घेऊन यावा.