एकमत, सहमती की एकवाक्यता?

सोलापूर हे नाव सोळा गावांवरून पडलं, असं आमच्या गावात शाळकरी पोरगंही सांगतं. एका ऑनलाइन ज्ञानकोशातल्या लेखात ते वाक्य पहिल्याच परिच्छेदात होतं. मी ते काढलं आणि शिलालेखांतलं लिहिलं: बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांच्या काळात गावाचं नाव सोन्नलगी, पुढे मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात सोनलीपूर. तासाभरात माझं वाक्य गेलं, सोळा गावं परत आली. मी पुन्हा बदललं. रात्रीची जेवणं होईपर्यंत हे तीनदा झालं. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर बंदी येऊ शकते. ती मर्यादा मला ठाऊक होती, म्हणून हात आवरला आणि चर्चा पानावर गेले.

तिथे एकानं लिहिलं, "आधी एकमत करा, मग लेखाला हात लावा." दुसरा म्हणाला, "कौल घ्या." तिसरा, "तडजोड करा की." तिघांची इच्छा चांगलीच होती, पण तिघांनी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या. चर्चेतून सगळ्यांना चालेल अशा निर्णयाला येण्याच्या ज्या रीतीला इंग्रजीत कन्सेन्सस म्हणतात, तिला मराठीत नेमका कोणता शब्द लावायचा? जाणकारांनी सांगावं. मला हा प्रश्न नुसता भाषांतराचा वाटत नाही. जो शब्द घेऊ तशीच आम्ही माणसं वागणार आहोत.

प्रतिसाद

एकमतच. आमच्या हौसिंग सोसायटीच्या इतिवृत्तात मी वीस वर्षं "ठराव एकमताने मंजूर" लिहीत आलोय. सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद

सहमती चालेल. थोडा हिंदी बातम्यांकडून आल्यासारखा वाटतो, पण रुळलाय.

मूळ लेखिका

काका, इतिवृत्तातल्या एकमताचा अर्थ इतकाच की विरोधात हात वर झाला नाही. ज्ञानकोशात तसं धरलं तर एक हट्टी माणूस लेख वर्षभर अडवून धरू शकतो, कारण त्याचं मत वेगळं असेपर्यंत एकमत नाहीच. कन्सेन्ससमध्ये तशी अट नाही. रास्त हरकतींना उत्तर मिळालं पाहिजे, एवढं पुरतं.

कौलाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण मराठी विकिपीडियावर चावडी, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेचं पान, आहे तसं कौल नावाचं पानही आहे, आणि शब्द मला मनापासून आवडतो. मूळ अरबी, अर्थ वचन. ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं तर सरकार रयतेला कौल देई: या, जमीन कसा, इतकी वर्षं सारा हलका ठेवू. दुसरीकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे आणि उजवं पडतं की डावं ते बघत बसायचं. निवडणुकीत जनतेचा कौल. तिन्ही ठिकाणी बोलणारा वरचा आहे, सरकार, देव नाहीतर मतदार, आणि त्यानं कौल दिला की पुढे बोलायचं नाही. देवळात कुणी फुलाला कारण विचारत नाही. इंग्रजी विकिपीडियावर लेख वगळण्याच्या चर्चेत मात्र निकाल देणारा डोकी मोजत नाही, कुणाच्या मुद्द्यात किती वजन आहे ते बघतो. दहाजणांनी नुसतं "ठेवा" लिहिलं आणि एकानं नियम आणि संदर्भ देऊन "काढा" लिहिलं, तर एकाचं पारडं जड होऊ शकतं. याला कौल म्हटलं की नवा माणूस मित्रांना फोन करून हात वर करायला बोलावतो. मी पाहिलंय.

प्रतिसाद

मग लवाद?

मूळ लेखिका

तो वेगळ्या कामाचा. इंग्रजी विकिपीडियाची लवाद समिती संपादकांच्या वागण्याचा न्याय करते, लेखात काय लिहावं याचा नाही. सोळा गावं की सोन्नलगी, हे कुठलाही लवाद ठरवणार नाही. तडजोडही इथे बसत नाही. भावात तडजोड होते, हद्दीच्या बांधात होते. सोळा गावं आणि सोन्नलगी यांच्या मधोमध लिहिण्यासारखं काहीच नाही.

प्रतिसाद

ताई, निवाडा शब्द सगळ्यांनी सोडलाच की! तो निवडणे याच क्रियापदावरून आलाय. आमच्या घरी आई अजून ज्वारी निवडते. मालदांडी सुपात घेते, पाखडते, खडा एका बाजूला, किडका दाणा एका बाजूला, चांगली ज्वारी पोत्यात. खडा आणि दाणा यांच्यात समेट घडवत नाही. पूर्वी तंटे सोडवायला गावची गोतसभा बसायची तेव्हा तेच करायची, कोणाचं म्हणणं कशात मोडतं ते निवडून ठेवायची, मग निवाडपत्र लिहायची. आता आपण निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूम समजतो, ती गोष्ट निराळी.

मूळ लेखिका

सर, या प्रतिसादानं माझं काम झालं. आमच्या भांडणात दोन प्रकारचे दाणे एकाच सुपात होते. लोक काय सांगतात हा एक, दगडावर काय कोरलंय हा दुसरा. मी पहिल्याला खडा समजून फेकत होते, आणि समोरच्याला वाटत होतं मी त्याच्या आजोबांना खोटं पाडतेय. पण निवाड्याला आज कोर्टाचा वास आहे, त्यामुळे नाव म्हणून घ्यायला मन धजत नाही.

प्रतिसाद

एकवाक्यता? "विद्वानांत याबाबत एकवाक्यता नाही" असं आपण लिहितोच. शब्द मीमांसकांचा. सुटे सुटे तुकडे एकमेकांवाचून अपुरे असतील आणि सगळ्यांचा मिळून अर्थ एक होत असेल, तर ते एक वाक्य.

मूळ लेखिका

हाच! गेले चार दिवस मी त्या माणसाबरोबर अक्षरशः हेच करत होते आणि नाव सुचत नव्हतं. एकमतासाठी डोकी एक व्हावी लागतात. आम्हाला एक वाक्य हवं होतं, ज्याखाली दोघांना राहता येईल.

ते कसं झालं ते सांगते. माझा पहिला मसुदा: "सोळा गावांवरून हे नाव पडले अशी समजूत आहे, शिलालेखांत मात्र सोन्नलगी असे नाव आढळते." त्यानं "समजूत"ला हरकत घेतली. म्हणाला, समजूत म्हटलं की वाचणारा चुकीची समजूत असंच वाचतो. बरोबर होतं त्याचं. "असे परंपरेने सांगितले जाते" केलं. मग मीच माझा "मात्र" काढला, कारण त्या एका शब्दात मी जिंकले असं लिहिलेलं होतं. तिथे अर्धविरामानंतर सरळ "बाराव्या शतकातील शिलालेखांत" आलं. त्यानं शेवटी कामतीचा लेख स्वतःहून जोडला, शकासकट.

त्याचं मत अजून सोळा गावांचंच आहे. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत भेटलो तर पुन्हा वाद घालू, असं त्यानं लिहिलंय. वाक्य तसंच आहे, दोघांपैकी कुणी हात लावलेला नाही.

आता एक उपप्रश्न राहतो. एकवाक्यता "करायची", "साधायची" की "होते"? मी चर्चा पानावर "एकवाक्यता झाली" असं लिहून टाकलंय. "साधली" म्हटलं की कुणीतरी एकानं ती साधली असं वाटतं. कुणाला "झाली" कानाला खटकत असेल तर सांगा.