विषय: केलेबचं पहिलं वर्ष कसं मोजायचं?

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

काल ग्रीन बेमध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या शिकागो बेअर्सच्या कायरो सँटोसने अगदी शेवटी ५१ यार्डांवरून किक मारली, आपण पॅकर्सना २४-२२ हरवलं आणि आमच्या घरात एकच आरडाओरडा झाला. २०१८ नंतर पहिल्यांदाच! पण रात्री हिशेब मांडला आणि मन खट्टू झालं. ५ विजय, १२ पराभव, त्यातले १० सलग. एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, क्वार्टरबॅक (पास टाकणारा) केलेब विल्यम्सला पहिल्या क्रमांकावर घेतलं तेव्हा आपण इथे प्लेऑफची (बाद फेरीची) स्वप्नं रंगवत होतो. दुसऱ्या क्रमांकाचा जेडन डॅनियल्स मात्र वॉशिंग्टनला १२-५ करून प्लेऑफमध्ये घेऊन गेला. आपण चुकीचा मुलगा निवडला का? जाणत्यांनी सांगावं.

– शॉम्बर्गकर

---

शॉम्बर्गकर,

तुझा हिशेब बेअर्सचा आहे, केलेबचा वेगळा मांड. ३,५४१ यार्ड, २० टचडाउन आणि इंटरसेप्शन फक्त ६. मध्ये सलग ३५३ पास असे, की एकही समोरच्यांच्या हाती लागला नाही. लीगमध्ये नवख्या क्वार्टरबॅकचा हा विक्रम आहे. आणि हे सगळं ६८ वेळा सॅक होऊन, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडला जाऊन! दर सामन्यात चार वेळा पोरगा जमिनीवर.

नोव्हेंबरमध्ये पेट्रियट्सनी त्याला सोल्जर फील्डवर एका दुपारी ९ वेळा पाडला. आम्ही दोघं स्टँडमध्ये होतो. शेवटी ही म्हणाली, "चला घरी, बघवत नाही." दोन दिवसांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (आक्रमणाच्या कोचला) काढलं, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी हेड कोचला. हंगाम चालू असताना हेड कोच काढायची वेळ बेअर्सवर शंभरावर वर्षांत कधी आली नव्हती. शाळेच्या एकाच वर्षात वर्गशिक्षक असे बदलले असते, तर मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आपण त्याला रागावलो असतो का?

आपली भूकही जुनी आहे. बेअर्सच्या एकाही क्वार्टरबॅकने आजवर एका हंगामात ४,००० यार्ड केलेले नाहीत. एरिक क्रेमरचे १९९५ मधले ३,८३८ हेच २०२४ च्या हंगामाअखेर सर्वाधिक होते. एवढ्या वर्षांचा उपास आपण एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोराकडून सोडवून घ्यायला निघालो.

१९८९ मध्ये डॅलसचा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन पहिल्या हंगामात ११ सामने खेळला आणि अकराही हरला. पुढे त्याने तीन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कराचीत आपल्या सचिनने पहिल्या डावात १५ केले होते. धीर धरा.

– नेपरव्हिलचा काका

---

काका, तुमची आकडेवारी मान्य, पण सचिनचं उदाहरण मला पटलं नाही.

फलंदाज १५ वर बाद होतो आणि पुढच्या डावात नव्याने उभा राहतो. क्वार्टरबॅकला त्याला वाचवणाऱ्या पाच जणांची भिंत लागते. ती ढासळलेली असली की तो पास टाकायच्या आधीच अंग चोरायला लागतो, आणि ती सवय लवकर सुटत नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी तो ७६ वेळा सॅक झाला. पुढच्या चार वर्षांतही तिथे त्याच्या संघाला कधी पराभवांपेक्षा जास्त विजय मिळाले नाहीत. नुसता धीर धरून मला केलेबचा कार झालेला बघायचा नाही.

आणि सगळा दोष भिंतीचाही नाही. केलेब बॉल फार वेळ हातात धरतो. कॉलेजात पळून सुटायचा, इथे धावून येणारे तेवढेच चपळ आहेत.

दोष आपलाही आहे. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने पुढे गाजलेल्या क्वार्टरबॅक महोम्सला जवळजवळ पूर्ण वर्ष बसवून ठेवलं, एकच सामना सुरुवातीपासून दिला. शिकागोत कुणा क्वार्टरबॅकला तसं बसवलं असतं, तर इथे आपणच किती मेल लिहिले असते? ऑगस्टमध्ये मीसुद्धा "पहिल्या सामन्यापासून खेळवा" असंच लिहिलं होतं. ते मी मागे घेते.

म्हणून पुढच्या वर्षी मी विजय नंतर मोजेन. आधी बघेन, नवा कोच त्या भिंतीतले गार्ड आणि सेंटर कोण आणतो, आणि सॅक ६८ वरून ४० च्या खाली येतात का.

– अरोराची ताई

---

ताई, काका, दोघांचेही आभार. सप्टेंबरपासून दर सोमवारी सॅकचा आकडा इथे टाकायचं काम माझ्याकडे.

– शॉम्बर्गकर