एका दिवसात लेणं आणि माथा : घरच्यांना घेऊन केलेल्या भटकंतीचे अनुभव सांगा

मावळवाट

पाऊस आवरता घेतोय, पठारांवर सोनकी फुलायला लागलीय आणि घरात "एखादा दिवस कुठेतरी जाऊन येऊ" सुरू झालंय. मुक्काम नको, सकाळी निघायचं आणि रात्री आपल्या अंथरुणात. असं ठरलं की आमच्याकडे लगेच दोन तट पडतात. अर्ध्यांना लेणी बघायची असतात, उरलेल्यांना कड्यावर उभं राहून खाली बघायचं असतं. सह्याद्रीत बहुतेकदा दोन्ही एकाच डोंगराला मिळतं, कारण लेणी खोदली गेली तीच घाटवाटांच्या कडेने.

तर लिहा. कुणाला घेऊन गेलात ते जरूर सांगा. धडधाकट ट्रेकरांचे वृत्तांत पुष्कळ वाचलेत. गुडघे धरून चालणारी आई आणि दर दहा मिनिटांनी भूक लागणारी पोरं सोबत असतील तर काय होतं, ते हवंय. आणि आमच्या घरातला जुना वाद एकदाचा मिटवा : लेणं आधी की माथा आधी?

सुरुवात माझ्यापासून. आई, बहीण, तिचा मुलगा आणि आम्ही दोघं, लोहगड आणि भाजे. गाडी भाजे गावातून वर लोहगडवाडीपर्यंत नेली. तिथून पायऱ्या चांगल्या आहेत, आई थांबत थांबत गणेश, नारायण, हनुमान असे दरवाजे ओलांडत महादरवाजापर्यंत आली. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. त्यामुळे रविवारची गर्दी आणखी वाढलीय. शक्यतो आडवार धरा. वरून पवना धरणाचं पाणी आणि मागे तुंग-तिकोना दिसले. विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेकडे, भाचा आणि मीच गेलो, बाकीच्यांनी सावली धरून डबे उघडले.

भाजे मुद्दाम दुपारनंतर ठेवलं होतं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन कललं की उजेड थेट आत शिरतो. चैत्यगृहाचं, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाचं, दर्शनी काम लाकडी होतं, ते केव्हाच गेलं, म्हणून आज अख्खा चैत्य समोरून उघडा दिसतो. छताच्या लाकडी कमानी मात्र अजून आहेत. भाच्याने आत पाऊल टाकताच विचारलं, "मामा, हे खांब पडतायत का?" खांब खरोखरच आत कललेले आहेत. लाकडाच्या मंडपात वरचा भार पेलायला खांब तसे तिरके रोवायचे. दगडात त्याची काही गरज नव्हती, पण खोदणाऱ्यांच्या हाताला तेच वळण होतं. शेवटी सूर्य-इंद्राच्या शिल्पांचं लेणं आहे, तिथे एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. बहीण लग्नाआधी तबला शिकायची. ती त्या दगडी हातांच्या बोटांकडे बघत स्वतःचे हात हवेत धरून किती वेळ उभी होती! चौकीदाराने शिट्टी मारली तेव्हा निघालो.

माझं मत : माथा आधी.

आईएकवीरा

आमचं उलटं. आम्ही आगरी, कार्ल्याला जातो ते एकवीरा आईच्या दर्शनाला. लहानपणापासून जातेय, चैत्रात पालखीलाही गेलेय, पण देवळाला लागूनच असलेलं लेणं मी लग्न होईपर्यंत आतून पाहिलेलं नव्हतं. आमच्यात कुणीच बघत नाही हो. रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची, प्रसाद घ्यायचा, खाली उतरून जेवायचं. लेण्याला तिकीट आहे म्हटलं की काका म्हणणार, "दगड बघायला पैसे कशाला?"

नवरा पुण्याचा. त्याने पहिल्याच फेरीत सगळ्यांची तिकिटं काढून टाकली, तेव्हा काकांचा नाइलाज झाला. आत गेल्यावर काकाच सगळ्यात जास्त वेळ रमले. ते होड्यांची कामं करतात. मान वर करून छताच्या सागवानी कमानी बघत राहिले आणि म्हणाले, "हे लाकूड कुणी बदललं कधी?" जुनंच आहे म्हटल्यावर पटेना. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच आहे, तीही तेव्हाची. मग त्यांनी आम्हाला होडीच्या फासळ्या आणि या कमानी यांवर जे काही ऐकवलं, ते कुठल्या गाईडने सांगितलं नसतं.

दारापाशी एक लेख आहे, वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा, म्हणजे व्यापाऱ्याचा. त्यात या लेण्याला जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह म्हटलंय. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकसुद्धा. म्हणजे पावतीवर नाव घालून देणगी द्यायची पद्धत तेव्हापासूनची.

लेणं आधी की माथा आधी ते मला विचारू नका. आधी आई.

मुरबाडचा_मामा

आम्ही नाणेघाट केला आणि घराचे सरळ दोन भाग केले. तरुण मंडळी वैशाखरेच्या बाजूने जुन्या वाटेने चढली. वडील, आत्या आणि बायका गाडीने माळशेज चढून जुन्नरच्या अंगाने घाटघरला आल्या. तिथून गाडी जवळपास घाटाच्या तोंडाशी जाते. ठरलं होतं गुहेत भेटायचं. आम्ही घामाने निथळत वर पोचलो तर वडील गुहेत ऐसपैस बसून आत्याने आणलेली पुरणपोळी खात होते. "काय, इतका वेळ?"

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : ही गुहा म्हणजे घाट चढून आलेल्यांची विसाव्याची जागा. कल्याण-सोपाऱ्याकडून देशावर जाणारा माल इथून जायचा. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वरची नावं आणि पायांचे तुकडे उरलेत. सिमुक सातवाहन, मग नागनिका आणि सातकर्णी, पुढे कुमार. बाजूच्या दोन्ही भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरलेल्या आहेत. नागनिकेच्या त्या लेखात अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञांची यादी आणि प्रत्येकाला दक्षिणा काय दिली त्याचे आकडे आहेत : गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी.

वडील जन्मभर सोसायटीच्या हिशेबात. पुतण्याने हे वाचून दाखवल्यावर त्यांना यज्ञाबिज्ञात रस नव्हता, एकूण बेरीज काय होते ते हवं होतं. भिंतीवरचे अंक कुठले ते पुतण्या मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून दाखवत होता, आणि वडील "हा दहाचा का? मग याच्यापुढे शंभर कसा लिहिलाय?" करत भिंतीला नाक लावून उभे. आपल्या अंकांची इतकी जुनी रूपं फार थोड्या ठिकाणी आहेत. पुरणपोळी खाऊन झालेलं बोट मात्र भिंतीला लावू दिलं नाही, ते आत्याने धरून ठेवलं होतं.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकायचे म्हणतात. तिथून दोन पावलं पुढे गेलं की नानाचा अंगठा हा कडा आणि खाली सरळ कोकण. उजेड चांगला होता, जीवधन आणि त्याचा वानरलिंगी सुळका शेजारीच. पावसात वारा खालून इतका जोरात येतो की धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. ते बघायला जी झुंबड उडते तिच्यात घरच्यांना नेऊ नका. कड्याला सगळीकडे कठडा नाही आणि शेवाळावर बूटसुद्धा टिकत नाहीत. सप्टेंबर सरल्यावर जा.

तीन_टवाळ

मुंबईकरांनी उगाच लांब जाऊ नये. कान्हेरी! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून लेण्यांपर्यंत बस असते. शंभरावर लेणी आहेत, त्यामुळे पोरं दमेपर्यंत लेणी संपत नाहीत. आमच्या तिघांना मूर्तींपेक्षा पाण्याची टाकी आवडली. जवळपास प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं, डोंगरावर कोरलेल्या पन्हळी, पाणी कुठून येऊन कुठे पडतं ते शोधायचा खेळच झाला. वर चढत गेलं की झाडांवरून बोरिवलीचे टॉवर दिसतात, म्हणजे माथाही झाला. सोमवारी बंद असतं. माकडांपासून चिप्सचं पाकीट लपवा. लपवूनही उपयोग नसतो.

वेरूळकर_जावई

सासर छत्रपती संभाजीनगरचं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वेरूळ दाखवायचं काम माझ्याकडे. मंगळवारी लेणी बंद असतात, हे पाहुण्यांना आधीच कळवायचं. अजिंठ्याला सोमवार. पाहुणे नेमके त्याच वारी येतात.

वादाचा निकाल मी लावतो. कैलास, म्हणजे सोळा नंबरचं देऊळ, बघायचा तर आधी माथा. सगळे लोक थेट दारातून आत शिरतात आणि हत्तीपाशी फोटो काढतात. मी पाहुण्यांना आधी बाजूच्या चढाने डोंगरावर नेतो. काठावरून खाली बघितलं की मंडपाच्या छपरावरचं कमळ आणि त्याच्यावर पाय रोवून उभे असलेले चार सिंह दिसतात, जे आतून कधीच दिसत नाहीत. आणि मुख्य गोष्ट डोक्यात बसते : हे बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, कारागीर उभे राहिले ते आपण आता उभे आहोत त्या पातळीवर. त्यांनीही माथ्यापासूनच सुरुवात केली होती. काठाशी लहान मुलांचे हात घट्ट धरा.

मग खाली येऊन दहा नंबर, म्हणजे सुतार झोपडी. दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात आणि आत आवाज घुमतो. माझ्या मेहुणीच्या सासूबाईंना एरवी कुणी गा म्हटलं तर लाजतात. तिथे कुणी न सांगता त्यांनी एक अभंग पूर्ण म्हटला. बाहेरच्या शाळेच्या सहलीतली मुलं दारात येऊन गप उभी राहिली, गुरुजींनाही शांत करायची गरज पडली नाही.

चौतीसच्या चौतीस एका दिवसात बघायचा हट्ट नको. दहा, सोळा, जमल्यास एकोणतीस आणि बत्तीस, बास. संध्याकाळी गाडी म्हैसमाळला. गिरिजामातेचं दर्शन, गरम भजी आणि वारा.

पोटोमॅककाठची

आम्ही व्हर्जिनियात राहतो, इथलं चालेल ना? सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. ऑक्टोबरात पानं रंगली तेव्हा लुरे कॅव्हर्न्स आणि मग स्कायलाइन ड्राइव्ह हा डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता असा दिवस केला. लुरेच्या गुहा चुनखडीच्या, 1878 मध्ये सापडलेल्या. बाहेर काहीही असो, आत कायम 12 अंश सेल्सिअसच्या आसपास. सासूबाईंनी साडीवर स्वेटर, त्यावर माझ्या मुलाचं जॅकेट आणि कानाला मफलर असा बंदोबस्त केला. आत साधारण सव्वा मैल चालायचं आहे, चढउतार आहेत, पण त्या हळूहळू सहज चालल्या.

एका जागी पाणी इतकं स्थिर आहे की छतावरचे लवणस्तंभ खाली उलटे दिसतात आणि तळ खूप खोल वाटतो. पाणी प्रत्यक्षात फार तर गुडघाभर. पुढे एक ऑर्गन आहे. कळ दाबली की गुहेभर पसरलेल्या वेगवेगळ्या लवणस्तंभांवर रबरी हातोडे आपटतात आणि सूर उमटतो. तो पन्नासच्या दशकात एका गणितज्ञाने बनवला.

सासूबाई बाहेर आल्या तरी त्यांचा एक प्रश्न संपेना. "यात माणसाने काहीच केलं नाही? एक गणपतीसुद्धा कोरला नाही?" मी म्हटलं, नाही, नुसतं पाणी ठिबकून झालंय. त्यावर त्यांचं म्हणणं : "एवढी छान जागा मिळाली आणि कुणी काही केलं नाही." त्या लहानपणापासून पांडवलेणी बघत आलेल्या नाशिकच्या, त्यांना हा आळशीपणा वाटला.

थॉर्न्टन गॅपच्या नाक्यावर गाड्यांची लांबच लांब रांग होती, पानांच्या दिवसांत असतेच. वर ताशी 35 मैलांची मर्यादा, आणि दर काही मिनिटांनी थांबायला जागा केलेल्या. तिसऱ्या-चौथ्या थांब्यानंतर मुलं गाडीतून उतरेनात, सगळे डोंगर सारखेच म्हणाली. सासूबाई प्रत्येक ठिकाणी उतरल्या. थालीपीठं आणि दही खाल्लं ते कठड्यावर बसून.

केळीचंबन

जळगावकडून. अजिंठ्याला वडिलांना न्यायचं होतं, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर सोडाव्या लागतात, पुढे बस. पायथ्याशी डोलीवाले असतात. वडिलांनी डोली बघितली आणि फिरलेच. "मला अजून चौघांच्या खांद्यावर जायचं नाही." आई रडवेली. शेवटी डोलीवाल्यांतला वयस्कर होता तो म्हणाला, "बाबा, बसा तर खरं, गप्पा मारत जाऊ." निघाले. पहिल्या लेण्यापर्यंत वडिलांनी चौघांची गावं, कपाशीचा भाव आणि कुणाची विहीर आटली ते सगळं काढून घेतलं होतं.

पहिल्या लेण्यात घाई करू नका. बाहेरच्या उजेडातून आलं की काही दिसत नाही. पाचेक मिनिटं नुसतं उभं राहायचं, मग भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू अंधारातून वर येतो. फ्लॅश चालत नाही, आणि नकोच. सव्वीसमधला निजलेला बुद्ध वडिलांनी डोलीतून उतरून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पाहिला.

परतताना वळसा घालून डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला गेलो. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या कड्यात एका ओळीत सगळी लेणी. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी समोरची कमान दिसली, तो इथेच कुठेतरी उभा असणार. दहाव्या लेण्यात खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. त्याच्यावर कारवाई कोण करणार, असं वडील म्हणाले.

आमच्यापुरतं लेणं आधी. व्ह्यू पॉइंटवरून बोट दाखवून "मी तिथे होतो" असं आईला सांगता आलं त्यांना.

सातारी_पेढा

एक सूचना, कुणी लिहिली नाही म्हणून. लेण्यांच्या कातळाला आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा टाळा. दगड मारणारी पोरं दिसली तर स्वतःचे लोक घेऊन आधी तिथून बाजूला व्हा, उपदेश नंतर.

मावळवाट

मत मोजायला गेलो तर एकवीरा आईच जिंकतेय. मुरबाडचे मामा, दिवाळीनंतर आईला घेऊन नाणेघाट करायचा विचार आहे. घाटघरच्या पुढे आईला कितपत चालावं लागेल?

मुरबाडचा_मामा

फारसं नाही, पण गुहेपर्यंत उतार दगडांचा आहे, काठी असू द्या. पेट्रोल जुन्नरलाच भरा. आणि आईंचा हिशेब पक्का असेल तर वही-पेन्सिल घेऊन या, वडिलांची बेरीज अजून लागलेली नाही.