गुप्तचर खात्यातला माणूस रिटायर झाल्यावर किती बोलावा? बी. रामन आणि आठ वर्षं पडून राहिलेला एक लेख

माहीमकर

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वाद झाला. टीव्हीवर एक निवृत्त अधिकारी 'दहशतवादविरोधी तज्ज्ञ' अशी पट्टी खाली लावून बोलत होते, तर एकाने लिहिलं की या लोकांना रिटायरमेंटनंतर तोंड उघडायला सरसकट बंदी पाहिजे. मी म्हटलं अहो सगळे एका माळेचे मणी नसतात, बी. रामन आठवतात का? निम्म्या लोकांनी नावच ऐकलं नव्हतं. मुंबईत राहून हे नाव माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रामन आधी पत्रकार, मग १९६१ च्या बॅचचे आयपीएस, मध्य प्रदेश केडर. तिथून आयबीत (देशांतर्गत गुप्तचर खातं) गेले आणि १९६८ ला रॉ (परदेशी गुप्तवार्ता बघणारं खातं) स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले प्रमुख काव साहेब यांच्या हाताखाली रॉमध्ये. १९८८ पासून ऑगस्ट १९९४ ला निवृत्त होईपर्यंत रॉच्या दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख. म्हणजे १२ मार्च १९९३ ला आपल्याकडे शेअर बाजार, एअर इंडिया, सेंच्युरी बाजार, प्लाझा, झवेरी बाजार एकामागोमाग उडत होते तेव्हा दिल्लीत त्या खुर्चीत हा माणूस होता. निवृत्तीनंतर चेन्नईला जाऊन एक छोटी अभ्याससंस्था सांभाळली आणि जवळजवळ रोज लिहिलं. त्यांचे लेख ज्यांनी वाचलेत त्यांना आठवेल, प्रत्येक परिच्छेदाला नंबर आणि शेवटी सही 'अतिरिक्त सचिव (निवृत्त), कॅबिनेट सचिवालय'. रॉ हा शब्द तिथे नाहीच. माहिती कुठे संपते आणि अंदाज कुठे सुरू होतो हे ते वाचकाला स्पष्ट सांगायचे. मी २६/११ च्या दिवसांत टीव्ही बंद करून त्यांचं वाचायचो, डोकं जाग्यावर राहायचं.

आता मुद्दा. जुलै २००७ मध्ये टाडा कोर्टाने (दहशतवादविरोधी कायद्याखालच्या खास कोर्टाने) ९३ च्या स्फोटांच्या खटल्यात याकूब मेमनला फाशी सुनावली. त्यानंतर रामन यांनी एक लेख लिहिला. त्यात म्हटलंय की जुलै १९९४ च्या आधीचं त्याचं वागणं बघितलं तर फाशी योग्यच. पण त्याला काठमांडूत अनौपचारिकरीत्या उचललं गेलं, त्यानंतर त्याने तपासयंत्रणांना सहकार्य केलं, कराचीतल्या घरच्यांपैकी काहींना परत यायला तयार केलं, आणि या गोष्टी सरकारी पक्षाने कोर्टासमोर बहुधा आणल्याच नाहीत, म्हणून फाशीचा पुन्हा विचार व्हावा. लेख रेडिफ या बातम्यांच्या वेबसाइटला दिला आणि मग स्वतःच सांगितलं, छापू नका. १६ जून २०१३ ला कॅन्सरने गेले. लेख छापून आला जुलै २०१५ मध्ये, भावाच्या परवानगीने, फाशीला आठवडासुद्धा उरला असेल नसेल तेव्हा.

माझं स्पष्ट मत आहे की हा लेख तेव्हाच छापायला हवा होता. तज्ज्ञ म्हणून आपण कोणाला का मानायचं? जे फक्त त्याने स्वतः हाताळलंय आणि दुसरं कोणी सांगू शकत नाही ते तो वेळेवर सांगेल म्हणून ना? रामन यांनी आयुष्यात हजारो पानं लिहिली आणि एकच पान असं होतं की ज्याने एखाद्या निकालात फरक पडू शकला असता, नेमकं तेच त्यांनी मागे ठेवलं. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणूनच हे मनाला लागतं. बोला, भांडा, पण मुद्द्यावर.

निशाचर

पूर्ण असहमत. माझा काका तेव्हा फोर्टात नोकरीला. शेअर बाजाराच्या तळघरात दीडच्या सुमारास गाडी फुटली तेव्हा तो मागच्या गल्लीत सँडविचवाल्याकडे उभा होता. वाचला, पण डाव्या कानाचा पडदा गेला, आजही त्या बाजूने हाक मारली की आधी अख्खी मान फिरवतो आणि मग 'काय?' विचारतो. २५७ माणसं मेली त्या दिवशी. याकूबने पैसे, तिकिटं, गाड्या यांची व्यवस्था बघितली हे टाडा कोर्टाने मानलं आणि सुप्रीम कोर्टानेही मानलं. त्याने नंतर सहकार्य केलं म्हणून आधीचं पुसलं जातं का?

आणि समजा रामन यांनी तेव्हा छापलं असतं, तर काय झालं असतं? रॉचा दहशतवादविरोधी प्रमुखच म्हणतोय फाशी नको, असं दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या पेपरात हेडलाईन. माणसाला उचललं कुठे, कसं, कोणाच्या मदतीने, हे सगळं चव्हाट्यावर. ज्या देशाच्या पोलिसांनी मदत केली ते पुढच्या वेळी दारात तरी उभं करतील का? त्यांनी लेख मागे घेतला तीच त्यांची मोठी गोष्ट आहे माझ्या मते. लिहून मोकळे झाले, मग विचार केला आणि थांबले. हे थांबणं आजच्या पॅनलवाल्यांना जमत नाही.

कायदेवाला

तारखा समोर ठेवून बोलूया. शिक्षा २७ जुलै २००७. टाडाच्या निकालावर अपील थेट सुप्रीम कोर्टात, हायकोर्ट मध्ये येतच नाही. तो निकाल २१ मार्च २०१३. म्हणजे पावणेसहा वर्षं शिक्षेचा प्रश्न उघडा होता. आणि त्याच निकालात कोर्टाने बाकीच्या दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, कारण बॉम्ब ठेवणारे आणि कट रचणारे यांच्यात कोर्टाने फरक केला. कोर्ट शिक्षा तोलूनमापून बघत होतं, तराजू हातात होता. अशा वेळी एक वजन पारड्यात पडलंच नाही, असा माहीमकर यांचा मुद्दा आहे आणि तो बरोबर आहे.

निशाचर, तुम्ही म्हणता सहकार्याने आधीचं पुसलं जातं का. नाही पुसलं जात, दोष कायमच राहतो. पण दोषी ठरवणं वेगळं आणि शिक्षा किती द्यायची ते वेगळं. शिक्षा ठरवताना अटकेनंतरचं वागणं बघायचंच असतं, रामन यांनी तेवढंच म्हटलंय, निर्दोष कुठेही म्हटलेलं नाही.

फक्त एक. वर्तमानपत्रातला लेख हा पुरावा नसतो. छापला असता तरी कोर्टात त्याला पाय फुटले नसते. त्यासाठी माणूस साक्षीला पाहिजे.

बोरीबंदर

आणि साक्षीला कसा येणार साहेब? सरकारी कामकाजाची अप्रकाशित कागदपत्रं कोर्टात यायची तर खात्याच्या प्रमुखाची परवानगी लागते, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होतं. सीबीआयचं अधिकृत म्हणणं काय होतं तर याकूबला ऑगस्ट १९९४ मध्ये नवी दिल्ली स्टेशनवर पकडला. रामन लिहितात काठमांडूत उचलला. आपल्याच सरकारच्या कागदाला छेद देणारी साक्ष द्यायला कुठला खातेप्रमुख परवानगी देईल?

शिवाय २००७ साल आठवा. रॉमध्ये काम केलेल्या मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी त्याच वर्षी पुस्तक काढलं आणि सीबीआयने त्यांच्यावर ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्टखाली केस टाकली. रामन यांचं आत्मकथन पण त्याच वर्षीचं, त्यांना काही झालं नाही, पण शेजारच्या घरावर धाड पडल्यावर आपण दार जरा लोटून घेतोच की. एकटा माणूस, सत्तरी ओलांडलेली, पेन्शनवर. घरी बसून 'वेळेवर बोलायला हवं होतं' म्हणणं सोपं आहे. आता तर ३१ मे २०२१ पासून पेन्शनचे नियमच बदललेत, गुप्तचर यंत्रणांतल्या निवृत्त लोकांना खात्याच्या विषयावर काही छापायचं तर आधी परवानगी, नाहीतर पेन्शनवर गदा. आज रामन असते तर नंबर घातलेले ते रोजचे लेख आपल्याला मिळालेच नसते. माझा राग या नियमावर आहे, रामनवर नाही.

निशाचर

तो नियम मला योग्य वाटतो. रॉ, आयबी ही काय पालिकेची वॉर्ड ऑफिसं नाहीत. आयुष्यभर जी गुपितं सांभाळायचा पगार घेतला ती ६० व्या वाढदिवशी खाजगी मालमत्ता होत नाहीत.

कोळीणबाय

मी जरा वेगळं बोलते. तुम्ही सगळे एकाच लेखावर अडकलात. मी कुलाब्याच्या बाजूची, २६/११ ला त्या दहा जणांची होडी बधवार पार्कला आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर लागली. आमच्या माणसांनी विचारलं पण, कोण तुम्ही, कुठून आलात, तर उडवून लावलं. रोज समुद्र बघणाऱ्याला कळतं हो कुठली होडी ओळखीची नाही ते. पण ते सांगायचं कोणाला आणि सांगितलं तर ऐकणार कोण, हा प्रश्न तेव्हा होता.

मग मोठी कमिटी नेमली, राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन. बालचंद्रन म्हणजे आपल्या महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी आणि नंतर रॉमध्ये वरच्या पदावर. या चर्चेत त्यांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? तेही गुप्तचरच ना. पण त्यांना सरकारने चौकशीचं काम दिलं, आणि त्यांनी शोधून काढलं की समुद्रातून हल्ला होऊ शकतो असे इशारे २००६ पासून येत होते आणि ते नीट हाताळलेच गेले नाहीत. माझ्या मते निवृत्त माणसाचा असा उपयोग व्हायला पाहिजे. घरी बसून लेख लिहायचा, मग छापू नका म्हणायचं, मग मेल्यावर भावाने छापायचा, यात कोणाचंच भलं झालं नाही. याकूबचं नाही, स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांचं नाही. माझ्या माहेरची माणसं माहीमच्या मच्छीमार वस्तीत राहायची, तिथे ९३ ला हातबॉम्ब टाकले होते. त्यांना अजून कोणी येऊन सांगितलेलं नाही की ते हातबॉम्ब कुठून आले.

माहीमकर

ताई, ते हातबॉम्ब कुठून आले हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांत रामन आहेत. ऑस्ट्रियन कंपनीच्या डिझाईनचे, त्या कंपनीने कळवलं की पाकिस्तानातल्या कारखान्याला तंत्रज्ञान विकलं होतं. तसंच न फुटलेल्या एका टायमरचं. तो अमेरिकन तज्ज्ञांनी तपासायला नेला, अमेरिकेतूनच पाकिस्तानला दिलेल्या मालातला असावा असं खाजगीत मान्य केलं, आणि परत मागितला तर म्हणाले चुकून नष्ट झाला. हे रामन यांनीच लिहिलंय. पुरावा आपल्या हातात होता आणि मैत्रीखातर घालवला, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी आम्हाला सांगितलं नाही. खात्यातली गोष्ट होती तरी सांगितली, आणि त्याने देशाचं काही बिघडलं नाही, उलट पुढच्या माणसाला शहाणपण आलं असेल. निशाचर, तुमच्या नियमात हे पण गेलं असतं.

आणि बोरीबंदर, अमेरिकेला नावानिशी उघडं पाडणारा माणूस धाडीला घाबरून गप्प बसला हे मला पटत नाही. मला वाटतं त्यांना मेलेल्या लोकांची भीड पडली. याकूबसाठी बोललो तर २५७ घरांना काय वाटेल, असं. ते मी समजू शकतो. पण तीच भीड धरून सगळे गप्प बसले तर शिक्षेच्या वेळी अर्धीच फाईल उघडते.

निशाचर

टायमरचं माहीत नव्हतं, वाचेन. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. टायमर ही दोन सरकारांमधली गोष्ट, त्यावर कोणाचा खटला अडलेला नव्हता. याकूबचं प्रकरण कोर्टापुढे होतं. कोर्ट चालू असताना माजी अधिकाऱ्याने पेपरात शिक्षेवर मत द्यायचं हे मला कुठल्याच बाजूने चालणार नाही, फाशी द्या म्हणणारा असला तरी नाही. २६/११ ला टीव्हीवर कमांडो नरिमन हाऊसवर उतरताना लाईव्ह दाखवले, कराचीत बसलेले ते बघून फोनवर सूचना देत होते, सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाबच्या निकालात चॅनेलवाल्यांना झापलं त्याबद्दल. तेव्हाही स्टुडिओत निवृत्त तज्ज्ञ बसलेले होतेच. मला ती रांग नको आहे आणि रामन त्या रांगेत नव्हते, म्हणून तर म्हणतो त्यांचं थांबणं बरोबर होतं.

बोरीबंदर

यावर +१. फक्त आपल्याकडे रॉवर संसदेची देखरेख नाही हे विसरू नका. अमेरिकेत अशा माणसाला बंद दाराआड बोलायला समिती तरी असते. इथे पेपर नाहीतर मौन.

माहीमकर

बंद दाराआडच म्हणायचं तर सुप्रीम कोर्टाला सीलबंद पाकीट देता आलं असतं. लेख नको, हेडलाईन नको. मी तपासाच्या वेळी अमुक पदावर होतो, मला हे ठाऊक आहे, योग्य वाटलं तर सरकारकडून फाईल मागवा, इतकंच. पावणेसहा वर्षांत एक पाकीट.

कायदेवाला

पाकिटाचा मार्ग वाटतो तितका सरळ नाही. कोर्टाने आपणहून मागितल्याशिवाय तिऱ्हाईताने पाठवलेलं पाकीट रजिस्ट्री न्यायमूर्तींपर्यंत जाऊ देईलच असं नाही, आणि गेलं तरी ते आरोपीच्या वकिलाला दिसणार नाही, मग त्यावर युक्तिवाद कोण करणार? जास्त सोपं होतं ते बचाव पक्षाच्या वकिलाला एक ओळ कळवणं, की रामन यांना साक्षीला बोलवा असा अर्ज करा. मग परवानगी नाकारायची तर ती सरकारला कोर्टासमोर, कारण देऊन नाकारावी लागली असती, आणि तो नकार रेकॉर्डवर आला असता. ३० जुलै २०१५ च्या पहाटे तीननंतर जी सुनावणी झाली तेव्हा रामन यांचा लेख सगळ्या देशाने वाचलेला होता, पण रेकॉर्डवर त्यांची एक ओळही साक्ष म्हणून नव्हती.