ट्रेलरच्या ब्रेकचा दिवा लागला तेव्हा : तुमचे अनुभव

नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. त्या उतारावर ब्रेक न लागलेल्या अवजड गाड्यांनी काय केलंय, हे पुणेकरांना सांगायला नको. ब्रेकचे काही बिघाड आधी डॅशबोर्डवर दिवा लावून कळवतात, आणि तो दिवा वाचायला फार थोड्यांना शिकवलं जातं. म्हणून हा धागा. ट्रेलरच्या ब्रेकचा इशारा आला तेव्हा काय तपासलंत, बिघाड नेमका कुठे सापडला, ते लिहा. ‘गॅरेजला नेली, नीट झाली’ एवढंच नको.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमचे कंटेनर चाकणहून न्हावा शेव्याला जातात. एका गाडीचा पिवळा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा खंडाळ्याच्या घाटात वळणावर लागायचा, सरळ रस्त्याला विझायचा. यार्डात उभ्या गाडीवर सगळं व्यवस्थित. शेवटी चावी चालू ठेवून एक जण दिव्याकडे बघत बसला आणि दुसऱ्याने घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलरमधली केबल वीतभर वीतभर वाकवत नेली. प्लगजवळ आतली तार तुटलेली, वरचं रबर मात्र शाबूत. वळणावर केबल ताणली की जोड सुटायचा. केबल बदलली, दिवा गेला.

वायरमन, ट्रान्सपोर्टनगरी, निगडी

पहिलं काम, चावी फिरवून दिवा लागतो का ते बघा. लागून विझला पाहिजे; काही गाड्यांत गाडी थोडी चालल्यावर विझतो. मुळीच लागत नसेल तर खूश होऊ नका. कुणीतरी बल्ब काढलाय किंवा तार तुटलीय. बल्ब काढून गाडी विकणारे बघितलेत, फार राग येतो.

मग प्लग. 24 व्होल्टचा एबीएसचा प्लग पाच पिनांचा, ईबीएसचा (विजेच्या संदेशावर ब्रेक लावणारी यंत्रणा) सात पिनांचा. एक आणि दोन नंबरला पॉझिटिव्ह, तीन-चारला अर्थ, पाचला दिवा. सहा-सात डेटाच्या. पिना हिरव्या पडल्यात का, आत ढकलल्या गेल्यात का बघा. व्होल्टेज ट्रेलरच्या टोकाला मोजा, आणि नुसता मीटर लावून मोजू नका. गंजलेल्या तारेतूनही मीटरपुरता करंट जातो, तो 24 दाखवतो आणि तुम्ही फसता. 21 वॅटचा बल्ब जोडा, तो पेटलेला असताना मोजा. व्होल्टेज धाडकन खाली आलं तर तार नाहीतर अर्थिंग खराब. एबीएसचं मॉड्यूल बदला म्हणून सांगितलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे फक्त अर्थचा बोल्ट घासून, आवळून गेल्यात.

तिथे ठीक असेल तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. त्याचा प्लग काढून ओहम मोजा, साधारण एक ते दोन हजाराच्या आसपास येतात. एकाचे दुसऱ्यापेक्षा खूप वेगळे आले तर संशय तिथेच. चाक जॅकवर उचला, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि हाताने चाक फिरवा. काटा हलला पाहिजे. लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारं ब्रेकचं अस्तर) किंवा बेअरिंगचं काम झाल्यावर दिवा लागला, तर सेन्सर मागे सरकलाय. हाताने चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगला टेकेपर्यंत आत ढकला. चाक फिरलं की हवा तेवढी फट आपोआप पडते. हातोडी नको. ढकलूनही परत मागे येत असेल तर धरून ठेवणारा बुश गेलाय, नाहीतर बेअरिंग सैल आहे. बेअरिंग सैल असेल तर सेन्सर बदलून काहीच होणार नाही.

चालक, रांजणगाव ते मुंबई

वायरमन भाऊ बरोबर बोलले, पण रस्त्यावरचं मी सांगतो. एबीएसचा पिवळा दिवा असला तरी साधा ब्रेक लागतो. ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं जाम होऊन ट्रेलर बाहेर फेकला जाऊ शकतो, म्हणून वेग कमी, अंतर जास्त आणि पोचल्यावर काम. लाल दिवा आणि बझर म्हणजे ब्रेकची हवा कमी. तिथे विचार नाही, गाडी कडेला.

घोड्यातून ट्रेलरच्या ब्रेकला हवा नेणाऱ्या नळ्यांचं पण लक्षात ठेवा. लाल नळी सुटली तर ट्रेलर स्वतःच ब्रेक धरतो. पिवळी नीट बसली नसेल तर पायडल दाबेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून जोडणी झाली की पायडल दाबून धरायचं आणि क्लीनरने खाली हवेचा आवाज ऐकायचा. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, हात जोडून सांगतो. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) गिअरमध्येच काम करतो. न्यूट्रलमध्ये सगळा भार लायनरवर येतो, ते तापले की दाबूनही धरत नाहीत.

निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कोथरूड

मुलगा टेक्सासमध्ये पिकअपमागे कॅम्पर ओढतो. तिकडे हलक्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतात: ड्रममध्ये चुंबक, एकाला साधारण 3 अँपिअर. ट्रेलर जोडलेला असून ‘ट्रेलर सुटला’ असा संदेश यायचा. व्हिडिओ कॉलवर मी त्याला चारही चुंबकांचा एकत्र करंट मोजायला लावला. 12 च्या आसपास हवा होता, आला निम्मा. पांढरी अर्थची तार फ्रेमला जोडली होती तिथे गंज. घासून तारेच्या टोकाला नवा लग लावल्यावर संदेश बंद. मूळ तत्त्व निगडीत आणि टेक्सासमध्ये एकच निघालं.

बावधन

गाडीमागे छोटा ट्रेलर ओढतो. एलईडी दिवे बसवल्यावर ब्रेक लाइट गेल्याचा इशारा येऊ लागला. एलईडी फार कमी करंट घेतो, गाडीला वाटतं बल्ब उडालाय. बल्बइतका करंट खाणारा लोड रेझिस्टर लावला. तो चांगलाच तापतो, प्लास्टिकपासून लांब, पत्र्यावर बसवा.

डिस्पॅच सुपरवायझर, चाकण

आमच्याकडे घोडे-ट्रेलर रोज बदलतात, म्हणून मी पहिल्यांदा तेच करायला लावते: तोच ट्रेलर दुसऱ्या घोड्याला जोडा. दिवा तिथेही लागला तर दोष ट्रेलरमध्ये, नाहीतर घोड्यात किंवा केबलमध्ये. मिस्त्री यायच्या आत अर्धा शोध संपतो. दिवा लागलेला असताना गाडी गेटबाहेर सोडत नाही. मालक वैतागतात, पण मी ऐकत नाही.

एक विचारायचं होतं: आमच्या एका ट्रेलरचा दिवा धुतल्यानंतरच लागतो आणि दुपारपर्यंत जातो. कुठे बघू?

वायरमन, निगडी

ताई, सॉकेटचं झाकण आणि जंक्शन बॉक्स उघडा, पाणी तिथेच साठत असणार. झाकणाची स्प्रिंग आणि रबर बदला, आत हवा मारून सुकवा, पिनांना इलेक्ट्रिकल ग्रीस लावा. आणि धुणाऱ्याला सांगा, प्रेशरचा पाइप त्या बाजूला धरायचा नाही.